मैनेच्या जागी फटफटी

फटफटी गोठ्यात ठेवू नये असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. तरी आमच्या थोरल्या भावानं, भिमाजीदादानं, सगळा हिवाळा त्यावरून माझं डोकं खाल्लं. गोठा बैलांचा, तिथं लोखंड कशाला, हा त्याचा एकच धोशा. मग ठेवू कुठं, देवघरात? मी लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर, घर कुसगावात, आणि त्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती. गोठ्यात मैनेच्या, म्हणजे आमच्या घोडीच्या, पलीकडचा कोपरा रिकामा होता. तिथं मी फटफटी उभी केली आणि वर गोणपाट टाकलं.

ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली बीएसए. खंडाळ्याच्या एका पारशी शेठनं लष्कराच्या लिलावात घेतली आणि पुढं बंगल्यामागच्या खोलीत टाकून दिली. त्याचा पाण्याचा पंप बिघडला की मीच नीट करून द्यायचो, म्हणून चौसष्ट साली बंगला सोडताना त्यानं ती मला देऊन टाकली. मी ती ढकलत ढकलत घरी आणली. दादा दारातच उभा होता. गाडीला बैल तरी असतात, हिला तूच जुंपलायस, असं म्हणून तो आत गेला आणि वहिनीला हसू आवरेना.

दादाचा खरा राग फटफटीवर नव्हताच. मी नांगर सोडून रेल्वेत गेलो, तो राग होता. घरातलं काही ठरवायचं म्हटलं की तो म्हणायचा, बजरंगाला नका इचारू, तो आता साहेबाचा मानूस हाय. मीही काही कमी नव्हतो. असं बोलला की मी ताट सरकवून उठायचो आणि गोठ्यात जाऊन पाने-पक्कड घेऊन बसायचो. म्हणजे एका अर्थी त्या फटफटीची निम्मी दुरुस्ती दादाच्या टोमण्यांनीच केली.

आणि काय दुरुस्ती होती ती! इंजिन उघडलं तर आत उंदरानं संसार मांडलेला. पिस्टन जाम, तो रॉकेल ओतून ओतून सोडवला. क्लचच्या पट्ट्यांतली बुचं कुजून गेली होती, म्हणून बंगल्यांमागं पडलेल्या विलायती बाटल्यांची बुचं गोळा केली आणि कानशीनं घासून बसवली. इंजिनाच्या जोडात बसायचं गास्केट कापलं चिक्कीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं. मॅग्नेटोला हात लावताना एकदा असा झटका बसला की मी शेणात बसलो, पण आनंदानं ओरडलो, कारण झटका बसला म्हणजे ठिणगी जिवंत होती. संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी किक मारली आणि ती धडधडली. मी बाहेर जाऊन अंगणात नाचलो. आबा, म्हणजे आमचे वडील रखमाजी, खाटेवर बसल्या बसल्या म्हणाले, येडं झालं पोरगं.

त्यानंतर रोज शेडमधून आलो की फटफटी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवायची, हा माझा नेम झाला. वहिनी, धोंडाबाई, त्याच वेळी बैलांना पेंड घालायची. आमचे बैल दोन, हरण्या आणि चिमण्या. आधी दोघं आवाजानं दावं तोडायला बघायचे. मग त्यांच्या ध्यानात आलं की हे खोकलं की पेंड येते. पुढं पुढं किक मारायचा अवकाश, दोघं जिभा काढून माझ्याकडं माना ताणायचे. वहिनी म्हणायची, भावजी, तुमची फटफटी एवढी कुनालाच आवडत न्हाई.

चैत्रात खंडोबाची जत्रा आली. आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते. स्वार तिला चढणीवरून दौडवतो आणि रिकाम्या गाड्याचे बैल तिच्या मागं जीव खाऊन सुटतात. गाड्याच्या अशा एका दौडीला बारी म्हणतात, आणि जत्रेतली पहिली बारी मानाची. ती पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरची. गावच्या हलगीवाल्या शिदूची हलगी वाजते आहे तोवर मानाचा गाडा सुटला पाहिजे. हलगी थांबली की मान पुढच्या घराकडं जातो, आणि एकदा गेला की गेला. पुढचं घर हौशीरामचं. त्या वर्षी आबांचे गुडघे धरले होते, म्हणून गाडा प्रथमच दादाच्या हाती आला होता. महिनाभर तो दुसरं काही बोलत नव्हता. बैलांना अंडी काय, दूध काय, स्वतः मात्र जेवायचं विसरत होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी मैना लंगडली. नाल ठोकताना खिळा जिव्हारी लागला होता आणि खूर सुजून आला होता. दादा तिच्या पायाशी बसून राहिला. बातमी कळल्यावर हौशीराम स्वतः आला, आपली घोडी घेऊन. वापरा म्हणाला, हसत हसत. मनाचा मोठेपणा नव्हे तो; त्याला पक्कं ठाऊक होतं की बैल ओळखीच्या घोडीमागंच पळतात. झालंही तसंच. त्याची घोडी माळावरून दौडत गेली आणि हरण्या-चिमण्या जागच्या जागी रवंथ करत उभे राहिले. दादाचं तोंड बघवेना.

रात्री कुणी जेवलं नाही. तेव्हा वहिनी चुलीपुढून म्हणाली, "बैल फटफटीच्या मागं पळतील. पेंडीच्या आशेनं पळतील, पर पळतील."

दादा भडकला. देवाच्या दारात ते भंगार न्यायचं, लोक तोंडात शेण घालतील, त्यापेक्षा मान गेलेला बरा, असं बरंच बोलला. माझंही डोकं सणकलं. मी म्हणालो, जाऊ दे मग मान, माझं काय जातंय, मी साहेबाचा माणूस. आबांनी काठी आपटली. ते म्हणाले, पुढं पळणारं जनावरच पाहिजे असं खंडोबानं कुणाच्या कानात सांगितलंय? उजाडताच माळावर करून बघा आणि मग भांडा.

उजाडताना माळावर दादानं बैल धरले, मी थोडं पुढं जाऊन किक मारली आणि क्लच सोडला. मागं वळून बघतो तो दोन्ही बैल शेपट्या वर करून माझ्या पाठीवर! मी मुठीतला कान, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पिळला, फटफटी उडाली, बैलही उडाले. माळ संपला, बांध आला, मी कसाबसा वळलो, तर तेही वळले. असला आनंद मला जन्मात झाला नव्हता. दादा लांबून पळत आला. त्यानं बैलांच्या आधी माझ्याकडं बघितलं.

दुपारी जत्रा नुसती फुलली होती. भुशीपासून बेडश्यापर्यंतची माणसं चढणीच्या दोन्ही बाजूंना दाटली होती. शिदूनं हलगी तापवली आणि वाजवायला सुरुवात केली. घोडीऐवजी फटफटी हे बघून आधी हशा पिकला, मग पंचांत कुजबुज झाली, पण नाही म्हणायला कुणाकडं नियम नव्हता. दादानं नवा लाल फेटा बांधला होता. गाड्याला बैल जुंपले, चौघांनी धरले. भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. मी फटफटीवर बसलो आणि किक मारली. ती सुरू झाली, बैलांनी माना ताणल्या, आणि चार ठोके देऊन ती बंद पडली.

पुन्हा किक. खोकली आणि मेली. आणखी मारल्या. घाम डोळ्यांत उतरला. लोक आता मोठ्यानं हसत होते. पलीकडं हौशीरामचा गाडा जुंपून तयार होता आणि तो हलगीकडं बघत होता. सकाळी तर चालली होती, आता काय झालं? मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. आत पिवळं पिवळं.

"टाकीत कुनी हात घातला?" मी ओरडलो.

आबा काठी टेकत पुढं आले. गाडा सुटायच्या आधी घोडीच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि चिमूटभर तिच्या तोंडात घालायचा, ही आमच्या घरची रीत. मी कपडे बदलायला गेलो तेव्हा त्यांनी ती पाळली होती. म्हणाले, "त्वांड तेवढंच दिसलं रं. मोठं हाय म्हून मूठभर घातला."

रागावू कुणावर? ज्यानं घातला त्यानं देवभोळेपणानं घातला होता, आणि मी पेट्रोल तिथूनच पाजतो हे त्यांनी रोज बघितलं होतं. भंडारा पेट्रोलबरोबर खाली उतरून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे सुईच्या नेढ्याएवढ्या भोकात, जाऊन बसला होता. मी पान्यासाठी हात पसरला आणि ओरडलो की उदबत्त्या लांब न्या, नाहीतर सगळेच खंडोबाकडं जाऊ. टाकीतलं पेट्रोल कुणाच्या तरी घागरीत सोडलं. ते गाळल्याशिवाय परत घालता येईना, आणि गाळायला कापड नव्हतं. माझं धोतर भंडाऱ्यानं भरलेलं, उपरणंही तसंच.

बैल धरलेल्या दादानं कासरा दुसऱ्याच्या हातात दिला. खाली वाकून भंडारा झटकला, डोक्यावरचा फेटा उलगडला, आतला कोरा पदर काढला आणि दुसऱ्या घागरीच्या तोंडावर चौपदरी धरला. "वत," म्हणाला.

"दादा, फेटा जाईल."

"वत म्हन्लं न्हवं?"

मी ओतलं. लाल फेट्यावर पिवळा चिखल साचत गेला आणि खाली स्वच्छ पेट्रोल पडू लागलं. मी कार्बोरेटर उघडला. सुटलेला एकेक भाग दादा ओंजळीत घेत होता, मोती धरावेत तसा जपून. शिदू हलगी वाजवत होता. त्याचा हात भरून आला होता, ठोका मागं पडायला लागला होता. हौशीरामनं त्याला काहीतरी खूण केली. शिदूनं तोंड फिरवलं आणि हात बदलला. पण डाव्या हाताची हलगी ती किती वेळ वाजणार?

जेट तोंडात धरून मी फुंकला. हवा जाईना. पुन्हा फुंकला, गालांना कळ लागली. तेवढ्यात दादानं तो माझ्या हातातून ओढून घेतला, स्वतःच्या ओठांत धरला आणि अशी फुंकर मारली की त्याच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. पिवळा ठिपका उडून माझ्या कपाळावर बसला. मी जेट आभाळाकडं धरला. पलीकडचा उजेड दिसला.

"कुटं बसतो ह्यो?" दादानं विचारलं. मी दाखवलं. त्यानं एकेक भाग मागेल तसा दिला, एकही चुकला नाही. पेट्रोल टाकीत गेलं. हलगी आता धाप लागल्यासारखी थांबून थांबून वाजत होती. मी उभा राहून, सगळं अंग टाकून किक मारली.

फटफटी गरजली आणि बैलांना आता धरणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. चौघं चार दिशांना फेकले गेले. मी क्लच सोडला आणि चढण अंगावर आली. दगड, खाच, गवत, काही दिसत नव्हतं, नुसतं पिवळं आणि माणसांचा कल्लोळ. मागं घुंगरांचा गजर चिकटून येत होता. हरण्याचा श्वास माझ्या पाठीला लागला, खोटं नाही सांगत, गरम आणि ओला. एका खाचेत पुढचं चाक उडालं, फटफटी आडवी होऊ लागली, मी पाय टेकून सावरली आणि कान पुरता पिळला. पडलो असतो तर बैल माझ्यावरूनच गेले असते, पण तेव्हा भीती वाटायला सवड कुणाला होती? वरची शेवटची रेघ ओलांडली तेव्हा मी गळा फाटेस्तोवर ओरडत होतो. बैल रेघेवर थांबले नाहीत. पेंड कुठंय म्हणून ते मला पार टेकाडापलीकडं घेऊन गेले, आणि सगळी जत्रा हसत, शिट्ट्या मारत आमच्या मागं पळत सुटली.

बैल आवरून परत आलो तर भोंग्यापाशी वाद चालला होता. प्रत्येक बारीनंतर पुकारा होतो: गाडा कुणाचा, घोडी कुणाची. पुकारणारा अडला होता. गाडा रखमाजीच्या घरचा हे ठीक, पण घोडी कुठंय? हौशीराम म्हणाला, फटफटीच म्हणा, आणि मालक म्हणून रेल्वेचं नाव लावा. लोक हसले. मीही हसण्याचा प्रयत्न केला, पण ते मला झोंबलं. त्यात नवं काहीच नव्हतं, घरात मी तेच ऐकत आलो होतो.

एवढ्यात दादा चढण चढून आला, बोडका, धापा टाकत, ओठ अजून पिवळे. त्यानं पुकारणाऱ्याच्या हातातला भोंगा ओढून घेतला. त्याचा आवाज फाटला होता.

"गाडा भिमाजी रखमाजीचा," तो म्हणाला. "घोडी बजरंग रखमाजीची. दोगं सख्खे भाऊ हायती, एका घरातले."

माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही. पुकारणाऱ्यानं ते शब्द जसेच्या तसे पुन्हा म्हटले. तो पुढच्या बारीकडं वळणार, तेवढ्यात दादानं त्याचा दंड धरला आणि त्याला ते आणखी एकदा म्हणायला लावलं.