गाण्याचा सातबारा

शेषेरावांना पोराचं गाणं कळत होतं, पोराचा पैसा कळत नव्हता. मुखेडच्या बाजारात लखनचं ‘शेंगावाली’ वाजायला लागलं की ते अनोळखी माणसालाही थांबवून सांगायचे, “हे आमच्या लखनचं.” गाणं वरातीत वाजायचं, रिक्षात वाजायचं, पण त्याचा एक रुपया घरी येत नव्हता. उलट लखन उदगीरला मोबाइलच्या दुकानाची नुसती फीत कापून आला, तर पंधरा हजार घेऊन आला. तिथं तर तो गायलाही नव्हता. शेषेरावांनी बरंच डोकं खाजवलं आणि शेवटी नाद सोडला.

पण आज नाद सोडून भागणार नव्हतं. चाकूरला अर्जुनरावांच्या घरी बैठक होती. त्यांची ऋतुजा लखनला पसंत होती, तिचाही नकार नव्हता. सगळं अडलं होतं ते पोरीच्या बापाच्या एका प्रश्नावर, आणि पोहे संपताच तो आलाच.

“पाव्हणं, पोराचं नाव हाय, मान्य. पण कमावतो कशातनं?”

घरून पाठ करून आणलेलं शेषेराव अर्ध्यातच विसरले. “हळदीचे कार्यक्रम हायत. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी हायत. चाल तीच, नाव तेवढं बदलायचं. यूट्यूबचं येतं, ते डॉलरमधी. कधी येतं, कधी न्हाई.” जितकं सांगावं तितकं त्यांच्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं. अर्जुनरावांचा चेहरा उतरत चालला. शिपायाची का होईना, नोकरी असती तर एका शब्दात काम भागलं असतं.

“मामा, शेंगावालीमुळं नाव झालं,” लखन सावरून घेऊ लागला. “त्या नावावर बाकीचं समदं येतं.”

ऋतुजा लातूरला एका वकिलांकडं कामाला होती. ती आतल्या दारातून म्हणाली, “शेंगावाली हाय कुणाच्या नावावर?”

लखनचे कान लाल झाले. “कंपनीच्या. पंचवीस हजाराला दिलं.”

“चार कोटी वेळा वाजलंय ते. त्याचा पैसा?”

“कंपनीला. कायमचा.”

‘कायमचा’ हा शब्द शेषेरावांनी आज पहिल्यांदाच ऐकला. कंपनीचा माणूस घरी आला होता तेव्हा लखन म्हणत होता, थांबा, कुणाला तरी विचारू. शेषेरावांनीच घासाघीस करून विसाचे पंचवीस केले, पोराला सही करायला लावली आणि गल्लीत पेढे वाटले. मोंढ्याच्या बाजारात सोयाबीन घालावं तसं वाटलं होतं त्यांना. यंदाचं विकलं, पुढच्या हंगामाला दुसरं येईल. आज कळलं की विहिरीसकट वावरच गेलं होतं. आणि त्या सहीनंतरच्या दोन वर्षांत पोरानं त्यांना एका शब्दानं बोल लावला नव्हता.

“चूक माझीच,” लखन खाली बघून म्हणत होता. “मला घाई झाली व्हती.”

शेषेराव गप्प बसले असते तर चाललं असतं. सोयरीक वाचवायची होती, अब्रूही वाचली असती. पण त्यांना ते सोसवेना.

“न्हाई पाव्हणं, ह्यो थांबा म्हणत व्हता. म्याच विकायला लावलं. मला ते सोयाबीन वाटलं. वावर निघालं.”

अर्जुनरावही शेतकरीच होते, त्यांना आणखी फोड करून सांगायची गरज नव्हती.

“आन् त्याच्या नंतरची गाणी?” ऋतुजानं विचारलं.

“अकरा हायत. समदी माझ्या नावावर.”

तिनं बापाकडं पाहिलं. “दादा, मला चालतंय.” अर्जुनरावांनी सोयरीक पक्की करायला आतून सुपारी मागवली.

परतीच्या मुखेड गाडीत शेजारच्या बाकावरच्या माणसानं मोबाइलवर शेंगावाली लावलं. शेषेराव सवयीनं त्याच्याकडं वळले. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे आता आमचं म्हणावं की म्हणू नये, त्यांना काही उमगेना. डोळे मात्र भरून आले.

लखननं ते पाहिलं. तो पुढं वाकून त्या माणसाला म्हणाला, “दादा, आवाज वाढवा जरा. आमच्या आप्पाला हे गाणं लई आवडतं.”