बिनगाठीचा दोरा

बटण काळे होते की गडद निळे... खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकवून धरले, अंगठ्याने उलटेसुलटे फिरवले, तरी ते आपला रंग सांगायला तयार होईना, आणि कंटाळलेल्या न्यायाधीशाने निकाल देऊन मोकळे व्हावे तसे माईंनी ते काळ्यांच्या डब्यात टाकून दिले. टण्. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला एवढा कंठ असतो हे त्यांना आज कळत होते. घरात माणूस नसले की डबेसुद्धा आगाऊ होतात.

कपाटाचा खालचा खण संध्याकाळपर्यंत मोकळा व्हायचा होता. मुलगा सकाळी बूट चढवता चढवता म्हणाला होता, "आई, परवा पोरगी बाळाला घेऊन राहायला येतेय. तुझा तो संसार जरा आटप बाई." संसार! कापडाचे तुकडे, रिळे, मण्यांच्या बाटल्या, लोकरीचे गुंडे... दोन खोल्यांच्या घरात माईंच्या मालकीचा म्हणावा असा तेवढा एक खणच उरला होता. पण कोणाच्या सांगण्यावरून काम करण्याची त्यांना सवय नव्हती. मुलगा जिना उतरायच्या आत त्यांनी सगळे पलंगावर ओतले, म्हणजे ठरवणाऱ्या त्याच.

आणि त्या पसाऱ्यात, घडी घातलेली, पणतवंडाची दुलई. तुकड्या-तुकड्यांची. अस्तराची एक कड तेवढी राहिली होती. त्यांनी उघड्या कडेतून हात आत घातला, शिवण चाचपली — डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांचा विश्वास अधिक — आणि बोटाला खसखशीच्या दाण्याएवढे काहीतरी लागले.

कापसाची गोळी असेल. पुढे पुन्हा एक. प्रत्येक शिवणीच्या टोकाला एक, इमानेइतबारे बसलेली.

गाठ.

माईंनी आयुष्यात कधी दोऱ्याला गाठ मारली नव्हती. दोऱ्याचे टोक तसेच ठेवायचे, त्याच जागी दोनदा उलटून टाका घालायचा, की दोरा जन्माचा बसतो. त्यांच्या आईचा हात असाच होता. "पाहुणा सुलटी बाजू बघतो, शहाणा उलटी," असे माई नव्या सुनेला म्हणाल्या होत्या, चारचौघींत, तिने शिवलेला अभ्रा उलटा करून हवेत धरत. "हे काय? गाठी? ही शिवण आहे की पोत्याचे तोंड?" सून तेव्हा पोरसवदा होती, पण जिभेने गरीब नव्हती. "माझा दोरा बांधल्याशिवाय टिकतच नाही हो आई, माझ्यासारखाच!" सगळ्या हसल्या. माई हसल्या नाहीत. "राहू दे. तू आपली स्वयंपाकघरात बरी." त्या दिवसापासून या घरात सुई एकीच्याच हाती राहिली...

राहिली?

या शिवणी मी घातल्या. याच खिडकीत, दुपारच्या उन्हात. निळ्या चौकटीपाशी बोटाला सुई टोचली तेही आठवते. मग माझे टाके गेले कुठे?

त्या उठल्या. गुडघ्यांनी केलेली तक्रार ऐकून न घेता बाहेरच्या खोलीत गेल्या आणि खुर्चीवरच्या उशीचा अभ्रा ओढून काढला. उलटा केला. गाठी. भिंतीवरचा कापडी खिसा, गाठी. चहाच्या किटलीचे टोपडे, गाठी. दर वेळी वस्तू पुरी झाली की, दुलईची तर एकेक पट्टी झाली की, सून म्हणायची, "द्या आई, इस्त्री करून ठेवते," आणि माई राणीने नजराणा द्यावा तशी ती तिच्या हाती देत. इस्त्री! डॉक्टरीणबाईंना बटवा दिला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "माई, हात अजून तसाच आहे हो तुमचा." तेव्हा सून शेजारीच उभी होती. खाली बघत. माईंना वाटले होते, मत्सर.

खणाच्या तळाशी, कागदाखाली सरकलेली एक चिमुकली पिशवी सापडली. इस्त्रीला द्यायची विसरलेली. तिच्यात गाठ नव्हती. शाईत पडलेली मुंगी कागदावर चालावी तसे टाके चालले होते. मध्येच कापड सोडून, मध्येच एकमेकांच्या अंगावर. हा माझा हात. हा एवढाच खरा... लबाडीने वागवले असते तर भांडता आले असते. सांभाळून घेणाऱ्याशी कुठल्या तोंडाने भांडायचे?

"अगंबाई, अंधारात काय बसलात आई?" सून दारातच चपला काढत होती. कामावरची पिशवी अजून खांद्याला होती.

"अंधार कुठे आहे?"

"नाहीये. मीच आंधळी." तिने दिवा लावला. पलंगाकडे बघितले. "काय हे, दुकान मांडलंय! बोहनी झाली का?"

माई हसल्या नाहीत. दिव्याखाली तिची बोटे दिसत होती. उजव्या तर्जनीच्या टोकाला बारीक काळे ठिपके. इतके दिवस त्यांना वाटे, विळीचे असतील.

"दुलई कुठवर आली?"

"एक कड राहिलीय."

"करा सावकाश. झाली की द्या, मी इस्त्री..."

"हो. इस्त्री," माई म्हणाल्या.

उलटा अभ्रा माईंच्या मांडीवरच होता. सुनेने तो पाहिला की नाही, कळले नाही. वाकून ती जमिनीवरची रिळे गोळा करू लागली. "सुई ओवून देऊ?" तिने वर न बघता विचारले.

मला येते ओवता, हे शब्द ओठांपर्यंत आले. तिथेच बसले. माईंनी सुई पुढे केली. सुनेने दोरा ओठांत धरून ओला केला, एका दमात ओवला, सुई त्यांच्या तळहातावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. आत भांडे वाजले, पाणी पडले.

पसारा तसाच होता. खण रिकामा. माईंनी दोऱ्याचे टोक बोटाभोवती गुंडाळले, जसे ते त्यांनी उभ्या जन्मात गुंडाळले नव्हते, आणि अंगठ्याने खाली लोटले. सुटले. पुन्हा गुंडाळले. तिसऱ्या खेपेला खसखशीच्या दाण्यापेक्षा जाड, बेंगरूळ काहीतरी बसले. त्यांनी सुई कापडातून वर काढली. उद्या सून अस्तर उलटून पाहील, ही गाठ दिसेल, आणि तिला वाटेल की हा टाका आपलाच... राहू देईल.

वाकडा असला तरी?

दोरा ओढला. गाठ कापडाला अडकून थांबली, आणि त्या हलक्याशा हिसक्याने आपल्याला कोणीतरी आतून धरले आहे असे वाटून माई तशाच, सुई हवेत धरून, बसून राहिल्या.