समासातल्या काड्या

मी खोडरबर बोलतोय. आता वाटाण्याएवढा उरलो आहे. तेव्हा आवाज बारीक लागला, तरी राग बारीक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात माझी पांढरी वडी कापली गेली, तेव्हा माझे काम एकच ठरले होते : लिहिणाऱ्याला आपली चूक आपल्या हाताने सुधारता यावी. यातले ‘आपल्या हाताने’ हे शब्द कोणी गाळू नयेत. मी ज्या घरात आलो, तिथे ते पहिल्याच आठवड्यात गाळले गेले.

पहिलीतल्या एका मुलीच्या पेन्सिलींच्या डबीत मला जागा मिळाली. घरी तिला चिमणी म्हणत. तिची आई छापखान्यात मुद्रिते तपासायची. दिवसभर परक्यांच्या चुका वेचून नजर अशी सरावलेली, की घरीही पानावरचा ठिपका तिला खुपे. चिमणी बेरीज करताना समासात काड्या ओढी. आठ आणि पाच असले, की आधी आठ काड्या, मग पाच, मग पेन्सिलीचे टोक एकेकीवर टेकवत तेरापर्यंत मोजणी. उत्तर बरोबर येई. पण आईला दिसत त्या काड्याच.

“हा कचरा कशाला? पहिली संपत आली, अजून काड्याच?” असे म्हणून ती मला उचली आणि समास लख्ख करी.

कचरा! कचरा काय असतो हे मला कोणी शिकवू नये. तो माझ्याच अंगाचा पडतो. त्या काड्या म्हणजे त्या मुलीचा विचार होता, कागदावर उतरलेला, आणि तो माझ्याकरवी पुसला जात होता. मी नकार तरी कसा देणार?

शाळेत नुसती उत्तरे पोचली. बाईंना वाटले, मुलगी मनातल्या मनात करते. त्यांनी तिला पुढच्या गटात बसवले आणि दोन अंकी बेरजा दिल्या. चिमणीने एकही काडी ओढली नाही. काड्या ओढणे वाईट, हे ती घरी शिकली होती. कोरे पान बाईंपुढे ठेवून ती म्हणाली, “मला गणित येतच नाही.”

जिला येत होते, तिच्या तोंडी हे वाक्य! डबीत मी धुमसत राहिलो.

बाई मात्र मुरलेल्या. त्यांनी वहीची मागची पाने खिडकीशी उजेडात तिरपी धरली. काड्यांचे वळ कागदावर उरले होते. तेवढे काम मला जमले नव्हते, याचा मला आजही अभिमान आहे. बाईंनी आईला बोलावून तीच पाने दाखवली.

“ताई, तुमच्या स्वच्छ वहीवर विश्वासून मी हिला पुढे ढकलली,” बाई म्हणाल्या. “काड्या राहू द्या. नकोशा होतील, तेव्हा तीच ओढायची थांबेल.”

आईने त्यातले एक पान मुद्रितासारखे बराच वेळ वाचले. “छापखान्यात मूळ प्रत आम्ही कधी फेकत नाही,” ती हळूच म्हणाली, “आणि इथे मी...”

चिमणी आपल्या जुन्या गटात परतली. त्या संध्याकाळी नऊ आणि चार करताना समासात पुन्हा काड्या उभ्या राहिल्या. आईचा हात सवयीने माझ्याकडे आला, थबकला, आणि मला चिमणीपुढे सरकवून मागे गेला.

पालकहो, मी संपेन आणि डबीत नवा खोडरबर येईल. त्याला मुलाच्या हातून काढून घेऊ नका, एवढेच मागणे.

चिमणीने काड्या मोजल्या. नऊच्या जागी दहा झाल्या होत्या. तिने मला चिमटीत धरले आणि एकच काडी पुसली.