प्लायवूडवरचं मानसरोवर

टर्पेंटाइनचा बोळा घासून घासून शिवाचा हात भरून आला, तरी आकाशातला निळा पट्टा जागचा हलेना.

"बाबा, हा अ‍ॅक्रिलिक आहे. पाच मिनिटांत वाळतो. याला पाणी लागतं, टर्पेंटाइन नाही," निशा म्हणाली. ऑइलपेंटचा वास आईला सोसत नाही, म्हणून लेकीनेच खारघरहून हे रंग आणून दिले होते.

"मग पयला सांगाचा ना!"

शिवाने पस्तीस वर्षं जासईला कंटेनरच्या ट्रेलरांवर रंगकाम केलं. कमळं, मोर, मालकाच्या पोरांची नावं. ऑइलपेंट म्हणजे समजूतदार गडी. सकाळी आकाश लावावं, जेवून यावं आणि मग सावकाश निळ्यात पांढरा मिसळावा. या नव्या रंगाला दम म्हणून नव्हता. शिवाने प्लायवूडवर पांढरा हात मारला आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.

मानसरोवर पाहायचं होतं ते मालूला, त्याच्या बायकोला. करंजाड्याच्या भजनी बायकांबरोबर तिने यात्रेचा फॉर्म भरला, पासपोर्ट काढला. तपासणीत साखर निघाली. एवढ्या उंचीवर नको, डॉक्टर म्हणाले, आणि तिचं नाव गळलं. बायका जाऊन आल्या. वर्षभरात त्याच साखरेने डोळे धरले. लेझर झालं, पण डॉक्टरांनी निशाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस दिसेल असं धरू नका.

म्हणून ही सगळी धडपड होती. आणि एवढी घाई असूनही शिवाने हट्ट सोडला नाही.

"अवो, दाखवा ना. अर्धा असला तरी चालंल," मालू पलंगावरून म्हणायची.

"नारल फुटल्याबिगर मी मालकाला गाडी दाखवत नाय. तू तर मालकीन."

ती हसायची. शिवा बाहेर पडवीत रंगवायचा आणि काम थांबवताना रोज बोर्डावर चादर टाकायचा. निशा दोनदा त्याच्याशी भांडली. "पान्यात डोंगराची सावली अजून नीट बसली नाय," एवढंच तो म्हणे. असे पाच आठवडे गेले. शेवटी शेवटी मालू चहाचा कप चाचपून घ्यायला लागली होती, पण विचारलं तर "दिसतं की," म्हणायची.

शनिवारी सकाळी सावली मनासारखी बसली. निशाने आईला नवी साडी नेसवली. शिवाने बोर्ड पलंगासमोर उभा केला, नारळ फोडला आणि चादर ओढली. चित्र खरंच सुंदर झालं होतं. आयुष्यात त्याच्या हातून इतकं चांगलं काही उतरलं नव्हतं.

मालू टक लावून पाहत राहिली. मग म्हणाली, "काढा ना आता ती चादर."

चादर शिवाच्या हातात होती. निशा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अर्धंमुर्धं दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? शिवाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काढली," तो कसाबसा म्हणाला.

मालूला कळलं.

"मग मना जवल न्या," ती म्हणाली.

शिवाने तिला धरून चित्रापाशी आणलं. तिची बोटं बर्फावर टेकवली. तिथे रंग जाड बसला होता. "ह्यो कैलास." मग हात हळूच खाली सरकवला, जिथे सगळं गुळगुळीत होतं. "आन् हा पानी."

मालूने तळवा तिथेच ठेवला. मग ती कोरडी बोटं आधी एका डोळ्याला लावली, मग दुसऱ्याला.