सूपभर कोंडा

बारसं लेकीचं होतं, पण कुंदाला घोर लागला होता तो स्वतःच्या नावाचा. शहरातल्या टिळकवाडीहून सासूबाई यायच्या होत्या. त्यांच्या घरी ती कुंदा होती, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. माहेरी, कंग्राळीच्या या गल्लीत मात्र ती अजून कोंडाबाईच होती.

तिच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. म्हणून ती जन्मली तशी तिच्या आईनं, मनुबाईनं, तिला सुपात घालून शेजारच्या सोनुआक्काच्या ओटीत टाकलं. सोनुआक्काची सगळी पोरं जगली होती. पोर तिची झाली. मग सूपभर कोंडा मोजून मनुबाईनं ती परत विकत घेतली. कोंड्याच्या मोलाच्या पोरीकडं काळ ढुंकूनही बघणार नाही, म्हणून नावही तेच ठेवलं.

कॉलेजात जाताना तिनं ते नाव मागं टाकलं. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, तेव्हा दारात कुंदाचं झाड होतं म्हणून आईनं हे नाव ठेवलं, असं ती सहज बोलून गेली. आता बारशाच्या आदल्या दिवशी तिनं आईला ते झाड पढवलं. मनुबाईनं निमूट ऐकून घेतलं आणि गल्लीत घरोघर जाऊन, पाव्हण्यांपुढं पोरीला कोंडी म्हणू नका, असं सांगून आली.

पाव्हणे आले. पाळणा सजला, घुगऱ्या वाटल्या. सासूबाई निवृत्त शिक्षिका, नावांचे अर्थ सांगायची त्यांना भारी हौस. त्यांनी विहिणीलाच विचारलं, त्या काळी खेड्यात इतकं सुरेख नाव कसं सुचलं.

"दारात कुंदाचं झाड हुतं की, ईनबाई," मनुबाई म्हणाली. "लई फुलायचं."

सासूबाईंना बरं वाटलं. "नाहीतर इकडं धोंडू काय, मष्णू काय. जित्या लेकराला मसणाचं नाव ठेवायला आईचं मन तरी कसं धजतं?"

मनुबाईनं पदर सावरला. कुंदाकडं तिनं बघितलंही नाही.

"अडाणी माणसं वो ती. त्यास्नी काय कळतंय."

सोनुआक्का भिंतीकडं तोंड करून बसली. दोन पोरं पुरलेली आई कुंदासमोर बसून स्वतःलाच अडाणी म्हणत होती, आणि ते कुणासाठी, हे त्या खोलीत फक्त कुंदाला आणि गल्लीतल्या बायकांना ठाऊक होतं.

"माझं नाव कोंडाबाई आहे," ती म्हणाली.

घुगऱ्या खाणारे हात थांबले. तिनं सगळं सांगितलं, भावांचं, सुपाचं. सोनुआक्कानं तेवढ्यात तोंड वळवलं.

"सूपभर कोंड्याला इकलीया मी हिला. म्हशीनं खाल्ला बी तवाच. आता माघारी मागू नगंसा."

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या मनुबाईकडं बघत होत्या.

"मग ते झाड?"

मनुबाईची मान खाली गेली. विहिणीसमोर, स्वतःच्या घरात, नातीच्या पाळण्याशेजारी ती खोटी ठरली होती. कुंदाला हे बोलण्याआधी सुचलं नव्हतं.

"झाड नव्हतंच. ते मी रचलं आणि तिला बोलायला लावलं," ती म्हणाली. पण तोवर उशीर झाला होता.

आत चुलीपाशी ती आईजवळ जाऊन उभी राहिली. मनुबाई चहाचं आधण बघत होती.

"मी निभावलं हुतं की. आता कशाला बोललीस?"

कुंदानं कप मांडायला घेतले. बाहेर आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. पाव्हणे जाईपर्यंत मनुबाईनं लेकीला ना कुंदा म्हटलं, ना कोंडी. काही हवं असलं की नुसतं "अगं" म्हणायची, आणि कुंदा लगेच उठायची.