दुमडीतलं वजन

भिंगरीच्या बाबाचा पाय एका जागी ठरत नव्हता. इस्पितळात वजनाच्या रांगेत त्यांच्यापुढे दोनच मुलं होती, तरी तो चार वेळा पाण्याच्या नळापाशी जाऊन आला होता आणि पाणी एकदाही प्यायला नव्हता.

"अहो, बसा ना जरा!" भिंगरीची आई वैतागली. "तुम्हाला बघून मला गरगरायला लागलंय."

बसतो कसला! चोराला कुठली आलीय खुर्ची?

बाबा पडदे शिवणारा शिंपी. पडदा वाऱ्यावर फडफडू नये म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत लोखंडाच्या छोट्या चकत्या शिवतात. भिंगरी चालायला लागल्यापासून दुकानात त्याच चकत्यांशी खेळायची. या कशाला, असं तिने एकदा विचारलं होतं. "पडद्याला दम नसतो गं," बाबा म्हणाला होता. "जरा झुळूक आली की निघाला उधळत. वजन टाकलं की कसा गप उभा राहतो बघ."

आता भिंगरी सहा वर्षांची होती आणि गेले पाच महिने तिच्या रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चालू होते. केस गेले, मग भूक गेली. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "वजन अठरा किलोच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालून पोटात दूध सोडावं लागेल." शेजारच्या खाटेवरच्या मुलीला तशी नळी होती. घरी आल्यावर भिंगरी शिवणयंत्राच्या टेबलाखाली जाऊन बसली ती बाहेर येईना.

"बाबा, नळी नको. तू काहीतरी कर ना!"

पाच महिन्यांत बाबाला काहीच करता आलं नव्हतं. तिच्या वाटची सुई टोचून घेता येत नव्हती, तिचा ताप उतरवता येत नव्हता. नुसत्या येरझारा घालायच्या आणि आतल्या आत जळायचं. आता कुठे त्याच्या हातासारखं काम निघालं होतं. परवा आई औषधं आणायला गेल्याचं बघून त्याने भिंगरीचा पिवळा घेरदार फ्रॉक काढला, एकेक चकती चिंधीत गुंडाळली आणि घेराच्या दुमडीत पाऊण किलोच्या वर लोखंड शिवून टाकलं. टाके असे, की शिंप्यालाही दिसू नयेत. घरच्या काट्यावर सतरा किलो दोनशे होती, ती अठराच्या वर गेली.

"आईला सांगायचं नाही हं."

"नाही. पण तूही कुणाला सांगायचं नाहीस. गळ्याशप्पथ?"

"गळ्याशप्पथ."

भिंगरीचा नंबर आला. "ये गं राणी," म्हणत सिस्टरने तिला काट्यावर उभं केलं. अठरा किलो शंभर. आईचे डोळे भरून आले. "बघितलंत? मी म्हणत होते ना, परवापासून दोन घास जास्त खातेय!" भिंगरीने बाबाकडे बघून डोळा मारला. पापणीला एक केस नव्हता पोरीच्या. बायकोचा तो आनंद बघून बाबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरने आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि ती खिडकीतून आत सरकवली. "दहा मिनिटं थांबा. आता याच्यावरून औषधाचं माप काढतील."

"वजनावरून?" बाबाने विचारलं.

"मग? उंची आणि वजन बघूनच औषध ठरतं. म्हणून तर दर वेळी काट्यावर चढवतो."

शाबास रे पठ्ठ्या! जन्म गेला मापं घेण्यात, बोटभर चुकलं तर अख्खा पडदा उसवणारा माणूस, आणि पोरीचंच माप खोटं दिलं. काटा म्हणजे फक्त नळी टाळायची गोष्ट, एवढंच त्याच्या टाळक्यात बसलं होतं.

त्याने भिंगरीकडे पाहिलं. तिला काय कळलं कोण जाणे, तिने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. बाबा नळापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. खिडकीआड कुणीतरी चिठ्ठी उचलली.

"थांबा!" तो ओरडलाच. "ते वजन खरं नाही."

खिशातली दोरे कापायची छोटी कात्री काढून तो भिंगरीपुढे गुडघ्यांवर बसला आणि घेर उसवू लागला. चकत्या टपाटप जमिनीवर पडल्या. आई बघतच राहिली.

"खोटारडा!" भिंगरी किंचाळली. "तू गळ्याशप्पथ म्हणाला होतास!"

पुन्हा वजन झालं. सतरा किलो दोनशे. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "औषधात फार मोठा फरक पडला नसता कदाचित," त्या म्हणाल्या. "पण पोर झिजत चाललीय हे आम्हाला कळलंच नसतं. ते जास्त वाईट होतं." नळी आजच घालायची ठरली.

भिंगरी खाटेवर आईला बिलगून बसली होती. मघापासून ती बाबाशी एक शब्द बोलली नव्हती. सिस्टर नळीला जेल लावू लागली तसा बाबा दाराकडे सरकला. "मी जरा पाणी घेऊन येतो," तो म्हणाला.

"आई, बाबाला इकडे बोलाव."

तो जवळ आला. भिंगरीने हात पुढे केला. "चकत्या दे."

त्याने मघाशी वेचलेल्या मूठभर चकत्या पँटच्या खिशातून काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिने एकेक उचलली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकत गेली. खिसा लोंबायला लागला तरी टाकतच राहिली. शेवटची टाकून झाल्यावर तिने त्याचं बोट घट्ट धरलं.

"आता गप उभा राहा," ती म्हणाली. "हलायचं नाही."

सिस्टर पुढे झाली. बाबा हलला नाही.