भरतीच्या रेघेवरचा शंख

आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून डोळे अधू झाले, तरी घड्याळजींना वाळूतला तांदळाएवढा शिंपला बरोबर दिसे. घरातलं मीठ संपलेलं मात्र दिसत नसे, असं त्यांची बायको म्हणे. दुकान बंद केलं आणि हा माणूस समुद्राच्या नादी लागला. चपलांच्या खणात शिंपले, औषधांच्या डब्यांत शिंपले, आणि प्रत्येकाची वहीत नोंद: तारीख, जागा, कुणाला सापडला. त्या वहीत थापेला थारा नव्हता. बायको तोंडाने कुरकुर करी आणि जुन्या ब्रशने एकेक शिंपला घासून देई.

एकच शंख हुलकावणी देत होता. लांब सोंडेचा, तपकिरी पट्ट्यांचा. त्याच्यासाठी राखलेलं पान अकरा वर्षं कोरं होतं. त्यात गुडघ्याने उभा दावा मांडला. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली, आणि पुढे वाळूत चालता येईल का, हे डॉक्टर काही छातीठोक सांगेनात. "ते पान राहिलंच," एवढंच घड्याळजी एकदा म्हणाले. बायकोने ते मनात ठेवलं.

शनिवारी तिला शोभेच्या वस्तूंच्या दुकानात अगदी तसाच शंख मिळाला. रविवारी नवरा दाढी करत होता तेवढ्यात ती किनाऱ्यावर जाऊन आली. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर तिने शंख पुरला, टोक तेवढं वर ठेवलं. लाटेने नेऊ नये म्हणून जागा चांगली वरची, कोरडी बघितली.

मग दोघं फिरायला निघाली. तिथे पोचायच्या जरा आधी घड्याळजी थबकले. बाई साळसूदपणे समुद्राकडे बघत राहिली. त्यांनी काठी तिच्या हातात दिली, दात आवळून खाली वाकले, शंख उचलला आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकला. 

घरी आल्यावर डोळ्याला भिंग लावून, वही उघडून बसले. पेन काही हलेना. चहा गार झाला, तेव्हा तिला राहवेना. मनासारखा नाही का, असं तिने विचारलं.

"भरतीची रेघ वीस पावलं खाली होती," घड्याळजी म्हणाले. "लाट तिथवर येतच नाही. मला लांबूनच कळलं."

चोरी पकडली गेली होती. तिने मान खाली घातली. "कळलं होतं, तर तसल्या गुडघ्याने वाकलात कशाला?"

"अकरा वर्षं नुसता शोधत होतो. कुणीतरी माझ्यासाठी ठेवलेलं पहिल्यांदाच मिळालं. ते काय तिथेच टाकून येऊ?"

 पदराने डोळे टिपत ती तिथेच बसून राहिली.

मग शंख कुठून आणला ते घड्याळजींनी विचारून घेतलं आणि जागेच्या रकान्यात खरं तेच, त्या दुकानाचा पत्ता, लिहिलं. कुणाला सापडला, या रकान्यात आजवर एकच नाव होतं. तिथे त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात बायकोचं नाव लिहिलं.